वाकळ वाळेपर्यंत

ऑगस्ट २०१९. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही फुगलेल्या, पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं रिकामी झालेली. आमच्या इचलकरंजीतल्या एका शाळेत नदीकाठची बरीच कुटुंबं उतरली होती. मी एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिते. पेढी सुटली की रोज संध्याकाळी तिथं मदतीला जात होते. पाणी ओसरायला लागलं, रस्ता सुटला, तसे मदतीचे टेम्पो यायला लागले. तांदूळ, बिस्किटं, मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या आणि कपडे. कपडे तर इतके की तिसरीच्या वर्गातली बाकं बाहेर काढून आम्ही ते आत ओतले, आणि दोन दिवसांत ढीग खिडकीच्या गजांपर्यंत चढला.

देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही मानते. कुणीतरी रात्री जागून ती गाठोडी बांधली होती. पण ढिगात हात घातला की काय लागायचं हाताला? बटणं तुटलेले शर्ट, चेन गेलेल्या पँटी, लग्नात एकदाच घातलेला टिकल्यांचा घागरा, काखेत उसवलेले ब्लाउज, एकाच पायाचा मोजा. गुडघाभर चिखल उपसायला निघालेल्या बाईला त्या घागऱ्याचा काय उपयोग? बायका दारापर्यंत यायच्या, एक-दोन कपडे उचलून पाहायच्या आणि काही न बोलता परत ठेवायच्या.

त्यातल्या एका आक्कांना मी म्हटलं, "आक्का, एखादं लुगडं बघा की ह्यातलं. बरी हाईत दोन-चार."

त्या म्हणाल्या, "लुगडं ऱ्हाऊ दे बाई. माझी वाकळ तेवढी वाळवून दे."

वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या भागात वाकळच म्हणतात. आक्कांनी घर सोडताना कागदपत्रं, डबा आणि ही वाकळ एवढंच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकलं होतं, आणि ट्रॉलीत पाणी शिरून वाकळ चिखलात भिजली होती. भिजलेली वाकळ एकट्या-दुकट्याला उचलत नाही. आम्ही चौघींनी ती नळाखाली धरली, पायांनी तुडवली, दोघी एका टोकाला आणि दोघी दुसऱ्या टोकाला राहून पिळली, तरी तपकिरी पाणी येतच राहिलं. शेवटी स्वच्छ पाणी आलं. मग व्हरांड्याच्या कठड्यावर टाकली. ऑगस्टचं कुंद आभाळ, ऊन नाही. रोज बाजू बदलून, पंख्याखाली धरून, पाचव्या दिवशी ती कोरडी झाली.

त्या पाच दिवसांत आक्कांनी मला ती वाकळ वाचून दाखवली. हे हिरवं सासूबाईंचं लुगडं, विरलेलं काढून त्याला दोनदा दंड घातला होता. हे मालकांचं धोतर, आत गेलंय, पण कडेला दिसतं बघ. ही थोरलीच्या बाळंतपणातली दुपटी. हे जावेचं चोळीचं कापड. एका लाल तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो कुणाचा मला ठावं न्हाई. सासूला ठावं हुतं."

मी त्या वर्गाकडे पाहिलं. खिडकीच्या गजांपर्यंत कापड, आणि त्यातल्या एका तुकड्याला ओळखणारं माणूस त्या शाळेत नव्हतं.

*

मी ज्या गावात राहते ते गाव कापडावर उभं आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आणला, असं इथं लहानपणापासून कानावर पडतं. पुढं १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या थंडावल्या आणि कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडं आणखी वळलं. पॉपलीन, केंब्रिक, मलमल, धोतरं. घरामागं मागाची खडखड चालू नसेल तर आम्हाला झोप लागत नाही. वीज गेली की सगळी गल्ली एकदम जागी होते.

माझी आई कांड्या भरायची. मागावर जो धोटा इकडून तिकडे पळतो, त्याच्या पोटात कांडी असते आणि कांडीवर आडवणाचं सूत. ते सूत बोटांमधून सरकून सरकून आईच्या तर्जनीवर एक बारीक खाच पडली होती, आतला रंग दिसावा अशी. त्या खाचेत हळद भरून ती भाकरी थापायची. सूत बोटांतून जाताना कुठं बारीक झालंय, कुठं गाठ आहे, हे तिला न बघता कळायचं.

आमच्याकडं मजुरी पिकावर ठरते. एक आडवा धागा म्हणजे एक पिक, आणि बोलणी चालतात ती एका इंचात ५२ पिक धरून. मीटरभर कापडात असे दोन हजारांवर धागे येतात. एका शर्टाला सव्वादोन मीटर धरा, म्हणजे साडेचार हजारांच्या वर वेळा धोटा इकडून तिकडे गेलेला असतो. प्रत्येक फेरीवर कुणाची तरी नजर असते, कारण धागा तुटला आणि लक्ष गेलं नाही की कापडात चीर पडते आणि ताका, म्हणजे कापडाचं अख्खं ठाण, बाद होतो. मागावरून उतरल्यावरही काम संपत नाही. तपासणीच्या टेबलावर ताका उलगडून, उजेडात धरून, सुटलेले धागे चिमट्यानं ओढून, गाठी काढून मेंडिंग करतात. म्हणजे अंगावर चढण्याआधीच कापडाची एकदा दुरुस्ती झालेली असते. पेढीवर बसून हे सगळं मी बिलांच्या रूपानं रोज पाहते, तरी त्या ढिगापाशी उभी राहीपर्यंत कधी हिशेब मांडला नव्हता: त्या एका वर्गात किती पिक पडले असतील?

आणि मागाच्याही मागं शेत आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. ते सूतही कुणाच्या तरी अंगावर आहेच.

*

पूर ओसरला, माणसं गावी गेली, ढीग राहिला. शाळा सुरू व्हायची होती. त्या वेळी कळलं की कपडे देणं सोपं आणि निवडणं फार कठीण. आम्ही सहा-सात जणी रविवारी बसलो. घालण्याजोगं एका बाजूला, वाकळेत जाण्याजोगं दुसऱ्या बाजूला, मागाच्या खात्यात तेलाचे हात पुसायला चालेल असं तिसऱ्या बाजूला.

सुती कोणतं आणि टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं, कोणतं हे काही वेळा हाताला कळत नाही. तेव्हा आमच्या गावातली जुनी रीत: कडेचा एक दोरा उपसायचा आणि काडीवर धरायचा. सुती असेल तर शांतपणे जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत धरली की पीठ होते. पॉलिस्टर असेल तर ज्योतीपासून आक्रसून मागं पळतो, काळा धूर सोडतो आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. तो मणी कितीही चुरडा, चुरडत नाही. मिश्र कापडात थोडी राख आणि थोडा मणी. त्या दिवशी दुपारभर काड्या ओढून एका ताटलीत मणी साठत गेले. ताटली भरली तेव्हा आम्ही सगळ्या गप्प होतो. खनिज तेलापासून झालेलं हे कापड ना कुजणार, ना वाकळेत ऊब देणार. सिंथेटिक साडीची वाकळ घसरते, घाम टिपत नाही, अंगावर राहत नाही. त्या कपड्यांनी पोतं भरलं, मग दुसरं भरलं.

बोहारणीला विचारलं. माझ्या लहानपणापासून जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आमच्या गल्लीत येते. लोक तिच्याशी एका वाटीसाठी अर्धा तास घासाघीस करतात, आणि ती गेली की दार लावून घेतात. पण कापडाची पारख तिच्याइतकी मी कुणाकडं पाहिली नाही. पँटच्या गुडघ्यावर नुसता पंजा फिरवून सांगते, किती दिवस निघतील. तिच्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून कपडा गोळा केला, धुतला, सांधला, जुन्या बाजारात बसून विकला. आज 'पुनर्वापर' हा शब्द सगळीकडं ऐकू येतो, पण ते काम मान न मिळता करणाऱ्या या बायका आहेत. तिनं आमची पोती उघडली, दोन-चार कपडे उलटसुलट केले आणि म्हणाली, "ह्याचं मी काय करू ताई? ह्याला गिऱ्हाईक न्हाई."

*

आम्ही सहा-सात जणी निवडायला म्हणून बसलो होतो, त्याचा रविवारचा रतीबच झाला. शाळेनं मागचा व्हरांडा वापरू दिला. कुणीतरी घरची उसवलेली उशी आणली, कुणी मुलाची चड्डी. हात चालायला लागले की तोंडं चालतात आणि तोंडं चालली की माणसं येतात.

मग माझ्या डोक्यात एक आलं: कपड्यांची अदलाबदल भरवू. घरी पडून असलेले चांगले कपडे सगळ्यांनी आणायचे, आवडेल ते न्यायचं. गावभर निरोप दिला. कपडे भरपूर आले. न्यायला कुणीच हात पुढं करेना. संध्याकाळी व्हरांड्यात पुन्हा एक ढीग.

मी आमच्यातल्या एका मैत्रिणीला आग्रह केला. त्या नर्स आहेत. फिकट जांभळी साडी होती, जवळजवळ नवीच. म्हटलं, "घ्या की, तुम्हाला शोभेल." त्यांनी साडीची घडी नीट केली, परत ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "माझ्या आजीनं जन्मभर दुसऱ्याचं उतरलेलं नेसलं. देणारे वरून टाकायचे आणि ती खालून झेलायची. मला नोकरी लागली, पहिला पगार झाला, त्या दिवशी मी कोरी साडी आणली. ताई, मला जुनं घाला म्हणू नका."

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याच हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. मार्च १९२० मध्ये तिथं बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, शाहू महाराज आले होते, बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. लहानपणी शाळेची सहल गेली होती तिथं. पण गावगाड्यानं ज्यांच्यावर मढ्यावरच्या कापडाची सक्ती केली, त्यांच्या नातींना 'जुनं वापरा, पृथ्वी वाचवा' सांगताना आपण काय बोलतोय, हे मला कधी सुचलं नव्हतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांसमोर भाषण केलं, तेव्हा लुगडं कसं नेसायचं हाही त्यात विषय होता. अंगावरचं कापड माणसाची जागा ठरवतं, हे ते जाणत होते. कोरं, स्वच्छ, पूर्ण अंगभर नेसलेलं लुगडं हा ज्यांनी मिळवलेला हक्क आहे, त्यांना उतरलेल्याचं कौतुक कोण सांगणार?

पर्यावरणपूरक फॅशनविषयी जे बोललं जातं त्यात ही गोष्ट मला फारशी ऐकू आलेली नाही. ती पहिल्यांदा बोलली गेली पाहिजे असं मला वाटतं. ज्यांची कपाटं भरून वाहतात त्यांनी कमी घ्यावं. ज्यांना आत्ता कुठं कोरं मिळायला लागलं त्यांच्याकडं बोट दाखवू नये.

पुढच्या रविवारी आम्ही एकच नेम ठरवला. इथं कुणी कुणाला जुनं देणार नाही. प्रत्येकानं आपलं आणायचं, आपलं दुरुस्त करायचं आणि आपणच घालायचं.

नर्सताई त्या रविवारी आल्या. पिशवीतून एक आमसुली साडी काढली. पहिल्या पगाराची. वीस वर्षं झाली होती तिला. फॉल टाचेशी झिजून जाळी झाला होता आणि पदराचे गोंडे सुटले होते. आम्ही दोघींनी मिळून जुना फॉल उसवला. आत, फॉलखाली, साडीचा मूळ रंग होता तसा होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, आणि मग सुई ओवली.

*

आमच्याकडं एक मामा येतात. चाळीस वर्षं टेलरिंग केलं, दुकान बंद झालं, आता डोळ्यांना त्रास होतो म्हणून उजेडाकडं तोंड करून बसतात. तयार कपडे आले तसं शिवायचं काम गेलं, आणि नंतर राहिलं ते फक्त पँटी आखूड करणं. त्यांच्याकडून मी कॉलर उलटवायला शिकले.

शर्टाची कॉलर घडीवर विरते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मानेला आणि दाढीच्या खुंटांना घासून तिथं आधी पांढरट रेघ येते, मग धागे दिसतात, मग चीर. बाकीचा शर्ट ठणठणीत असतो, पण आपण तो काढून टाकतो. मामा अर्धं ब्लेड घेतात. कॉलर ज्या पट्टीत बसवलेली असते त्या पट्टीचा वरचा टाका एक-एक करून कापतात. ओढायचं नाही, ओढलं की कापड ताणतं. दोरे तोंडानं फुंकून उडवतात. कॉलर मोकळी झाली की मध्यभागी घडी घालून नखानं खूण करतात, पट्टीच्या मध्यावरही तशीच खूण. मग कॉलर उलटी करतात, म्हणजे विरलेली बाजू खाली जाते आणि आतापर्यंत मानेआड लपलेली कोरी बाजू वर येते. खुणेला खूण, टाचणी, आणि जुन्याच टाक्यांच्या भोकांवरून शिलाई. पाऊण तास लागतो. शर्ट पुन्हा चार-पाच वर्षांचा धनी होतो. कॉलर बाकीच्या शर्टापेक्षा जरा गडद दिसते, कारण तिला ऊन लागलेलं नसतं. मला तो दोन छटांमधला फरक फार आवडतो.

मामांना पहिले दोन-तीन रविवार आम्ही चहावर बसवलं. मग माझी मुलगी म्हणाली, "आई, तू पेढीवर फुकट हिशेब लिहितेस का?" तिनंच कुठंतरी वाचलं होतं की अॅमस्टरडॅममध्ये मार्टिना पोस्तमा नावाच्या बाईंनी २००९ साली दुरुस्तीचा असा अड्डा सुरू केला आणि तो पुढं देशोदेशी गेला. तिथं येणारे कारागीर स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. ते तिथं ठीक असेल. आमच्या गावात शिवण, मेंडिंग, वाकळ या गोष्टी हौसेच्या नाहीत. ही पोटाची विद्या आहे, आणि ती कवडीमोल झाली म्हणूनच हातातून गेली. तेव्हा येणाऱ्यानं दर रविवारी डब्यात पैसे टाकायचे आणि शिकवणाऱ्याला मजुरी द्यायची असं ठरलं. काहींना ते रुचलं नाही. दोघी-तिघी यायच्या थांबल्या. बाकीच्या टिकल्या. मला विचाराल तर आमचं बसणं टिकलं ते त्या डब्यामुळं. पाकीट हातात घेताना मामा पहिल्यांदा ताठ बसलेले मी पाहिले.

अदलाबदलही पुढं आपोआप झाली, पण फक्त शाळेच्या गणवेशांची. जून आला की पोरं वितभर वाढलेली असतात. गणवेश सगळ्यांचे एकाच रंगाचे, त्यामुळं कुणाचं उतरलेलं आणि कुणाचं कोरं हे कुणालाच कळत नाही. आई-आईंमध्ये ते ओळखीपाळखीनं फिरायला लागलं. मला वाटतं, ओळख आधी आणि कपडा नंतर, असा क्रम असला तरच लाज वाटत नाही. एरवीही आपल्याकडं तान्ह्या बाळाला पहिलं झबलं जुन्या मऊ कापडाचंच घालतात. आजीच्या लुगड्याचं. तिथं कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण ते कुणाचं आहे हे ठाऊक असतं.

*

माझा भाऊ मागावर आहे. बारा तासांची पाळी. एका रविवारी मला घ्यायला आला आणि व्हरांड्यात उभा राहून बघत राहिला. घरी जाताना गाडीवर म्हणाला, "ताई, तुम्ही लोकांना कापड कमी घ्या म्हणून सांगणार. मग आम्ही इणायचं काय?"

हा प्रश्न मी अजून घेऊन बसले आहे. तो सहज सुटणारा नाही आणि तो सुटला असं मी म्हणणार नाही. पण मी त्याच्याशी बोलले तेव्हा एवढं विचारलं: लोक आत्ता पूर्वीपेक्षा किती तरी जास्त कपडे घेतात. मग आपल्या गल्लीतले साधे माग किलोच्या भावानं भंगारात का गेले? कपडे वाढले, तसा तुमचा पिकाचा दर वाढला का? तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "दर वाढायला मोर्चा काढायला लागतो."

ढाक्याजवळ सावरमध्ये २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिवणकामाला आलेल्यांना दुसऱ्या दिवशी आत जायला लावलं. अकराशेच्या वर माणसं गेली, त्यात बायका जास्त. त्या ज्यांच्यासाठी शिवत होत्या त्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आमचा भाऊ जो ताका उतरवतो, तो पेढीवर येतो, इथून रंगाला जातो, तिथून कपडे शिवणाऱ्यांकडं. तो कुणाच्या अंगावर जातो हे त्याला ठाऊक नाही, मलाही नाही, आणि घालणाऱ्याला इचलकरंजी कुठं आहे हे ठाऊक नाही. ओळख नसली की दर पाडता येतो. ओळख नसली की फेकूनही देता येतं. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच दोऱ्यानं शिवलेल्या आहेत.

म्हणून आता आमच्याकडं येणाऱ्यांना आम्ही वर्षातून एकदा माग दाखवायला नेतो. कानावर हात ठेवून उभ्या राहतात बायका. माझ्या भावानं एकदा माग थांबवून एका कॉलेजच्या मुलीला तुटलेला धागा जोडायला लावला. तिला चार वेळा जमलं नाही. पाचव्यांदा जमलं, माग सुरू झाला, आणि ती गाठ कापडात विणली जाऊन पुढं सरकताना बघत ती कितीतरी वेळ उभी होती.

भाऊ मात्र व्हरांड्यात बसत नाही. पण ताक्याच्या टोकाचे बाद तुकडे पिशवीत घालून मालकाच्या परवानगीनं पाठवतो. वाकळेच्या आतल्या थराला ते चांगले.

*

२०२० चा बराच काळ बसणं बंदच होतं. घरोघरी केंब्रिकचे मास्क शिवले एवढंच. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. या वेळी आम्ही आधीच सगळीकडं कळवलं: जुने कपडे पाठवू नका. पाठवायचंच असेल तर कोरे आतले कपडे, टॉवेल, कोऱ्या सुती साड्या पाठवा. बऱ्याच जणांनी ऐकलं. तिसरीचा वर्ग मोकळा राहिला आणि तिथं माणसं झोपली.

आक्का आल्या त्या डोक्यावर कोरडी वाकळ घेऊन. "ह्या टायमाला पयली हीच बाहीर काढली," म्हणाल्या. शाळेत दाटी होती, म्हणून त्यांनी ती माझ्याकडं ठेवायला दिली. आठ-नऊ दिवस ती आमच्या घरी होती आणि माझी मुलगी ती पांघरून झोपली. मला तिनं सांगितलं की लाल तुकडा बरोबर हनुवटीखाली येतो.

पाणी उतरल्यावर आक्का वाकळ न्यायला आल्या. एका कोपऱ्याला उंदरानं कातरलं होतं, त्यांच्याच घरी, आधीच कधीतरी. त्यांनी मुलीला विचारलं, "तुझा एखादा जुना फ्राक हाय का गं, सुती?" तिच्या पहिलीतल्या निळ्या चौकड्यांच्या फ्रॉकचा घेर कापून दिला. आमच्या ओट्यावर वाकळ पसरली. आक्कांनी ओला हात फिरवून सुरकुत्या काढल्या, चारी कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या: वरवंटा, पितळी तांब्या, दोन विटा. निळा तुकडा कडा आत दुमडून बसवला आणि काठापासून धावदोरा घालायला सुरुवात केली. मुलगी दुसऱ्या बाजूनं. आक्कांचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, तिचे गव्हाएवढे. दिवेलागणीला दोघी मधोमध भेटल्या.

आमच्या जिन्याखाली पॉलिस्टरची ती दोन पोती अजून आहेत. त्यांचं काय करायचं ते आम्हाला सुचलेलं नाही. आता तिसरं होऊ नये एवढं बघतो. आणि पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की माझी मुलगी आधी आक्कांना फोन लावते आणि विचारते, वाकळ माळ्यावर टाकली का?